मागून येणारी पावलं

रोमँटिक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे आधी पाऊस, छत्री आणि दोन माणसं येतात. त्यामुळे 'रोमँटिक काळातलं पाश्चात्त्य संगीत' हे शब्द कानावर पडले की मला बरीच वर्षं वाटायचं, ही सगळी व्हायोलिनवर वाजवलेली प्रेमगीतं असणार. मग एकदा ब्राम्सची पहिली सिंफनी ऐकली. सुरुवातीलाच टिंपनीचे ठोके, खाली डबल बास खर्जात एकच सूर धरून बसलेले, वर व्हायोलिनं अर्ध्या-अर्ध्या सुराने चढतायत आणि त्याच वेळी बासऱ्या, ओबो वगैरे मंडळी उतरतायत. प्रेमबिम काही नाही. कुणीतरी जड पावलांनी जिना चढून येतंय आणि आपण दाराला कडी घालून आत बसलोय, असंच वाटत राहिलं.

नंतर वाचताना कळलं की पावलांची उपमा खुद्द ब्राम्सनेच दिली होती. १८७०च्या सुमारास हर्मान लेव्ही या मित्राला तो म्हणाला होता, की आपल्या हातून सिंफनी कधीच होणार नाही. असा एक महाकाय माणूस सतत मागून चालत येतोय हे ऐकत जगणं काय असतं, ते तुला कळायचं नाही. महाकाय माणूस म्हणजे अर्थातच बीथोव्हन. त्याला जाऊन तेव्हा चाळीसहून अधिक वर्षं झाली होती. ब्राम्सच्या चरित्रांत ही गोष्ट हटकून येते आणि तिच्यावरून 'बिचारा बीथोव्हनला घाबरायचा' असा निष्कर्षही निघतो. मला मात्र हे अर्धंच खरं वाटतं. मागून येणाऱ्यांमध्ये आणखी एक माणूस होता, आणि तो बीथोव्हनपेक्षा कितीतरी जवळून चालत होता.

पण आधी बीथोव्हनचं बघू.

हायडनच्या सिंफनींची संख्या शंभराच्या वर जाते. मोत्सार्टच्या एक्केचाळीस धरतात. बीथोव्हनच्या नऊ आणि ब्राम्सच्या चार. हा उतरता आलेख आळसाचा नाही. हायडन एका सरदाराच्या पदरी होता. पाहुणे आले, सण आला, की नवी सिंफनी हवी. ती वाजायची, लोक ऐकायचे आणि पुढच्या वेळी दुसरी. शिळं कुणी मागत नसे. हायडनची स्पर्धा असलीच तर स्वतःच्या मागच्या महिन्यातल्या सिंफनीशी. ती अमर व्हावी अशी कुणाची अपेक्षा नव्हती, म्हणून लिहिणं सोपं होतं. (सोपं म्हणजे आपल्यासाठी नव्हे, हायडनसाठी!)

एकोणिसाव्या शतकात हे चित्र पालटलं. १८१० मध्ये हॉफमन नावाच्या लेखकाने बीथोव्हनच्या पाचव्या सिंफनीवर एक लांबलचक लेख लिहिला आणि संगीत ही सगळ्या कलांमधली सर्वांत रोमँटिक कला आहे असं जाहीर केलं. इथे रोमँटिकचा अर्थ प्रेमळ नव्हे. शब्दांच्या पलीकडचं, अनंताची ओढ लावणारं, असा काहीसा. आपल्याकडे साहित्यात याला स्वच्छंदतावाद म्हणतात, पण संगीताला तो शब्द नीट बसत नाही. मग १८२९ मध्ये वीस वर्षांच्या मेंडेलसनने बर्लिनमध्ये बाखचं 'सेंट मॅथ्यू पॅशन' पुन्हा उभं केलं. बाख जाऊन तेव्हा एकोणऐंशी वर्षं झाली होती. हळूहळू सभागृहांत मेलेल्या संगीतकारांचं संगीत जिवंतांच्या बरोबरीने आणि पुढे त्यांच्याहून जास्त वाजू लागलं. संगीतकार हा कारागीर राहिला नाही, तो 'प्रतिभावंत' झाला. त्याची रचना एका संध्याकाळपुरती न राहता कायमची झाली.

म्हणजे रोमँटिक काळाने कलाकाराला मोकळं केलं असं आपण म्हणतो ते खरं, पण त्याच काळाने त्याच्या डोक्यावर पूर्वजांचे पुतळेही आणून ठेवले. एका हाताने दिलं आणि दुसऱ्या हाताने काढून घेतलं.

या पुतळ्यांचं करायचं काय, याची दोन उत्तरं निघाली. पहिलं उत्तर : बीथोव्हनने सिंफनी संपवली, आता पुढे चला. बर्लिओझने बीथोव्हनच्या मृत्यूनंतर अवघ्या तीन वर्षांत, १८३० मध्ये, 'सिंफनी फँटास्टिक' केली. तिच्यात प्रेमात वेडा झालेला कलावंत अफू घेतो आणि स्वप्नात स्वतःचा शिरच्छेदही बघतो. ही गोष्ट छापून श्रोत्यांच्या हातात दिली होती. प्रेयसीची एक सुरावट पाचही भागांत वेष बदलून येत राहते आणि शेवटी चेटकिणींच्या नाचात तिचं विडंबन होतं. लिस्टने हाच धागा पुढे नेऊन कविता, नाटक, चित्र यांवरून 'सिंफनिक पोएम' हा एकसलग प्रकार रूढ केला. वॅग्नर आणखी पुढे गेला. त्याचं म्हणणं, बीथोव्हनने नवव्या सिंफनीत शेवटी माणसांना गायला लावलं, याचा अर्थच असा की नुसत्या वाद्यांचं काम तिथे संपलं आणि यापुढे नाटक. 'ट्रिस्टान'मध्ये त्याने पहिल्याच ओळीत एक अस्वस्थ स्वरमेळ टाकला आणि त्या अस्वस्थतेला खरी विश्रांती दिली ती थेट ऑपेराच्या शेवटी. आपल्या भाषेत सांगायचं तर चार तास समच येत नाही. ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला!

दुसरं उत्तर : घर जुनंच ठेवा, पण आत राहून बघा. हे उत्तर देणाऱ्यांत ब्राम्स होता आणि म्हणून तो 'सनातनी' ठरला. १८६० मध्ये त्याने आणि व्हायोलिनवादक योआकिमने मिळून लिस्ट-पंथाविरुद्ध एक निषेधपत्रक काढायचं ठरवलं. सह्या गोळा होण्याआधीच ते फुटलं आणि छापून आलं, तेव्हा खाली नावं किती? चार. विरोधी गोटाने लगेच त्याचं विडंबन छापलं आणि सगळा हशाच झाला. घराण्यांच्या भांडणात बुवालोकांनी एकमेकांवर काय काय केलं याचे किस्से आपल्याला नवे नाहीत, पण इतका फजितवाडा विरळाच. ब्राम्स त्यातून काय शिकला असेल तर हे, की पत्रकं काढू नयेत.

आता त्या दुसऱ्या पावलांकडे येतो.

१८५३ च्या ऑक्टोबरमध्ये वीस वर्षांचा ब्राम्स ड्युसेलडॉर्फमध्ये शुमान दांपत्याच्या दारात उभा राहिला. बाप हॅम्बुर्गमध्ये डबल बास वाजवणारा, पोराच्या नावावर एकही छापील रचना नाही. त्याने पियानोवर आपल्या गोष्टी वाजवून दाखवल्या. रॉबर्ट शुमान भारावून गेला, आणि महिन्याच्या आत, २८ ऑक्टोबरला, स्वतः स्थापन केलेल्या नियतकालिकात जवळजवळ दहा वर्षांनी लेख लिहिला. 'नवे मार्ग' असं त्याचं नाव. त्यात मुद्दा असा : ज्याची आम्ही वाट बघत होतो तो आलाय. या पोराच्या पियानोच्या रचना म्हणजे बुरख्याआडच्या सिंफनीच आहेत, आणि उद्या तो ऑर्केस्ट्रा आणि वृंदगायनाकडे वळला की बघा काय होतं ते.

माझ्या एका मावसभावाला आठव्या वर्षी तबला वाजवताना बघून एका बड्या माणसाने भर बैठकीत असंच काहीतरी भाकीत केलं होतं. घरात पेढे वाटले गेले. पुढे तो कुठल्याही बैठकीत बसला की लोक त्याचा ठेका ऐकायचे नाहीत, भाकीत खरं होतंय का ते बघायचे. सोळाव्या वर्षी त्याने तबल्यावर खोळ चढवली ती पुन्हा काढली नाही. आज तो मजेत आहे, चांगली नोकरी आहे, पण रेडिओवर तबला लागला की उठून दुसऱ्या खोलीत जातो. त्यामुळे शुमानचा तो लेख मला इतरांसारखा उदार वगैरे वाटत नाही. उदार होताच, पण धोंडाही होता. ब्राम्सलाही ते कळलं होतं. आभाराच्या पत्रातच त्याने लिहिलं, की या स्तुतीने लोकांच्या अपेक्षा एवढ्या वाढतील की त्या कशा पुऱ्या कराव्यात ते मला समजत नाही.

आणि चारच महिन्यांनी, २७ फेब्रुवारी १८५४ ला, शुमानने ऱ्हाईन नदीत उडी टाकली. लोकांनी वाचवलं, पण उरलेली अडीच वर्षं त्याने बॉनजवळच्या मनोरुग्णालयात काढली आणि तिथेच तो गेला. क्लाराच्या पदरात सहा मुलं होती, सातवं पोटात. तिला नवऱ्याला भेटायची परवानगी मिळाली ती तो जाण्याच्या दोन दिवस आधी. बातमी कळताच ब्राम्स धावत ड्युसेलडॉर्फला आला आणि त्या घरातलाच झाला. मुलं सांभाळली, खर्चाची वही लिहिली. क्लारा त्याच्याहून चौदा वर्षांनी मोठी. त्या दोघांत नक्की काय होतं यावर पुस्तकंच्या पुस्तकं आहेत. मला त्यात पडायचं नाही. माझ्या दृष्टीने महत्त्वाचं हे, की भाकीत करणारा माणूस आता ते मागे घेऊ शकत नव्हता. वादही घालता येत नव्हता. बीथोव्हनच्या बाबतीत निदान ब्राम्सने कुणाला शब्द दिला नव्हता.

त्याच साली त्याने सिंफनीचा पहिला प्रयत्न केला. दोन पियानोंसाठी सोनाटा लिहिली, ती ऑर्केस्ट्रावर चढवायला घेतली, जमेना. शेवटी त्यातला काही भाग पहिल्या पियानो कॉन्चेर्टोत गेला आणि एक भाग कितीतरी वर्षांनी 'जर्मन रेक्विएम'मध्ये उगवला. तो कॉन्चेर्टो जानेवारी १८५९ मध्ये लाइपझिगला स्वतः ब्राम्सने वाजवला. शेवटी दोन-चार लोकांनी टाळ्या वाजवायला हात उचलले, तर चहूकडून हिस्स हिस्स. १८६२ मध्ये त्याने क्लाराला सी मायनर सिंफनीचा पहिला भाग पाठवला. ती खूश, मित्र खूश, आता उरलेली येणार म्हणून सगळे वाट बघतायत. पुढची चौदा वर्षं ती आली नाही! गंमत म्हणजे त्या १८६२ च्या हस्तलिखितात सुरुवातीचे ते टिंपनीचे ठोके नव्हतेच. पावलं नंतर आली.

या काळात तो गप्प बसला होता असं नाही. रेक्विएम झालं, गाणी झाली, हायडनच्या नावाच्या चालीवरची व्हेरिएशन्स झाली. पण जे पटलं नाही ते त्याने नष्ट केलं. १८७३ मध्ये त्याच्या पहिल्या दोन स्ट्रिंग क्वार्टेट छापल्या गेल्या, त्याआधीच्या वीसेक आपण फेकून दिल्या असं तोच सांगायचा.

अखेर ४ नोव्हेंबर १८७६ ला, कार्ल्सरूहसारख्या लहान गावात, ऑटो डेसॉफच्या हाताखाली पहिली सिंफनी वाजली. ब्राम्स त्रेचाळीस वर्षांचा होता. तीनच महिन्यांपूर्वी बायरॉइटला वॅग्नरच्या चार रात्रींच्या 'रिंग'चा पहिला संपूर्ण प्रयोग झाला होता, खास बांधलेल्या नाट्यगृहात, राजेरजवाड्यांसमोर. शेवटच्या भागातली सुरावट बीथोव्हनच्या नवव्यासारखी आहे असं कुणी म्हटल्यावर, ते तर कुठल्याही गाढवाला दिसेल, असं ब्राम्स फटकन म्हणाला असं सांगतात. हान्स फॉन ब्यूलोने तिला बीथोव्हनची 'दहावी' म्हटलं. हा ब्यूलो म्हणजे 'ट्रिस्टान'चा पहिला प्रयोग करणारा, आणि ज्याची बायको वॅग्नरकडे गेली तो. त्याच्या पक्षांतराला किती सांगीतिक कारणं होती देव जाणे.

आणि 'सनातनी'चं म्हणाल तर, नव्या संगीताचा सर्वांत बंडखोर पुरुष जो शोनबर्ग, त्यानेच पुढे 'पुरोगामी ब्राम्स' या नावाने निबंध लिहिला. ब्राम्स दोन-तीन सुरांचा एक बारकासा तुकडा घेतो आणि त्यातूनच सगळं वाढवत नेतो. तोच तुकडा पुन्हा येतो, पण प्रत्येक वेळी थोडा वेगळा. बढत ऐकायची सवय असलेल्या कानाला हे वॅग्नरपेक्षा लवकर कळतं असा माझा अनुभव आहे.

पहिलीला वीसेक वर्षं लागली, दुसरी सिंफनी एका उन्हाळ्यात झाली. १८७७ च्या उन्हाळ्यात एका तळ्याकाठी लिहायला घेतली आणि डिसेंबर संपायच्या आत व्हिएन्नात वाजलीसुद्धा. तिच्यात पावलांचा आवाज नाही.

पहिलीत तो नेमका कुठे थांबतो ते मात्र मला दाखवता येतं. शेवटच्या भागाची सुरुवात पुन्हा अंधारी आहे, चाचपडत चालल्यासारखी. टिंपनी एकदा गडगडते. आणि एकदम सी मेजर लागतो, तंतुवाद्यं दबक्या आवाजात थरथरत असतात आणि वर एक हॉर्न मोकळा गातो. ही चाल ब्राम्सने आठ वर्षांपूर्वी, १२ सप्टेंबर १८६८ ला, स्वित्झर्लंडमधून क्लाराला पाठवली होती. गुराख्याच्या लाकडी शिंगावर ऐकलेली चाल, खाली चार शब्द शुभेच्छांचे. दुसऱ्या दिवशी तिचा वाढदिवस होता. त्या वर्षी दोघांचं बिनसलं होतं. आता दौरे कमी कर, असं त्याने तिला लिहिलं होतं आणि ती दुखावली होती.

१८७६ च्या शरद ऋतूत त्याने पूर्ण सिंफनी तिला पियानोवर वाजवून दाखवली. आपल्याला वाईट वाटलं, हवी तशी सुरावटीची झेप यात नाही, असं क्लाराने रोजनिशीत लिहून ठेवलंय. शुमानच्या भाकिताची साक्षीदार, आणि तिला ती आवडली नाही. ब्राम्सने तरीही काही आठवड्यांनी ती वाजू दिली. जाळली नाही.