उजेड स्वयंपाकघरात कसा आला

सोसायटीच्या इतिहासावर काहीतरी लिहा, असं स्मरणिका समितीने सांगितलं. प्लॉट, रस्ते, नळ, मंदिर यांवर इतर सभासद लिहितीलच. मी घरातल्या एकाच खोलीचा इतिहास लिहितो, कारण यंदा आपल्याकडे बऱ्याच घरी स्वयंपाकघराचं काम निघालं आहे आणि संध्याकाळी फिरताना एकच चर्चा कानावर येते: छताला पॅनल लावायचे की ट्यूब ठेवायची, उजेड पांढरा की पिवळा?

आपल्यापैकी बहुतेकांची मूळ घरं रिसोड, मालेगाव, मंगरूळपीरकडच्या खेड्यांतली. धाब्याची घरं म्हणजे मातीचं सपाट छत, जाड भिंती, खिडकी नावापुरती. चुलीच्या वर छताला एक भोक ठेवलेलं असे, त्याला साणं म्हणत. धूर त्यातून बाहेर जायचा, उजेड आत यायचा. पाऊस आला की कोणीतरी धाब्यावर चढून त्यावर पत्रा झाकायचा. छतातून येणारा स्वयंपाकघराचा पहिला दिवा तो हाच, आणि तो अगदी योग्य जागी होता. बाई चुलीपुढे बसलेली, उजेड सरळ तव्यावर.

रात्रीची गोष्ट वेगळी. राकेल मोजूनमापून मिळायचं, म्हणून कंदील एकच आणि तो ओसरीत. तिथे पुरुषमाणसं आणि अभ्यासाची पोरं. चुलीजवळच्या कोनाड्यात बिनकाचेची चिमणी, उजेडापेक्षा काजळीच जास्त. भाकरी झाली की नाही हे आई वासावरून ओळखायची.

वाशिम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. आपला जिल्हा वेगळा झाला तो 1 जुलै 1998 रोजी. राज्य वीज मंडळ 1960 साली स्थापन झालं, त्याच दशकात बाळापूर तालुक्यातल्या पारसचं औष्णिक केंद्र सुरू झालं आणि हळूहळू खांब खेड्यांकडे निघाले. आमच्या घरी वीज आली तेव्हा मी कॉलेजात होतो. बल्ब बैठकीत लागला. स्वयंपाकघराला मिळाला तो दारातून जाईल तेवढा उजेड.

मग गॅस आला, ओटा आला, आणि इथे एक बदल झाला ज्याकडे फारसं कोणी लक्ष दिलं नाही. बसून करायचा स्वयंपाक उभ्याने सुरू झाला. चूल खोलीत होती; ओटा भिंतीला. म्हणजे बाईचं तोंड भिंतीकडे गेलं आणि दिवा राहिला पाठीमागे. आपली घरं बांधली गेली तेव्हा वायरिंगची मजुरी पॉइंटवर ठरायची. हॉलला पंखा, ट्यूब, झिरो बल्ब, शोकेसचा दिवा; किचनला एक ट्यूब, तीही बहुधा दारावरच्या भिंतीला. स्लॅबमधले पाइप तो ओतण्याआधीच सळयांवर टाकावे लागतात, त्यामुळे एकदा राहिलं ते राहिलं. पंचवीस वर्षं बहुतेक घरांत भाजी स्वतःच्याच सावलीत चिरली गेली. 2005 नंतरच्या भारनियमनात इन्व्हर्टर आले, तेव्हाही त्याची लाइन आधी टीव्ही-पंख्याला गेली. किचनला मेणबत्ती.

दिव्यांनी मात्र याच काळात मोठी मजल मारली. जुन्या साठ वॉटच्या बल्बमध्ये तार तापून लाल-पांढरी व्हायची. वीज बहुतेक उष्णतेतच जायची. ट्यूबमध्ये पाऱ्याची वाफ आणि काचेला आतून पावडर, त्यामुळे कमी विजेत जास्त उजेड. निळी एलईडी जपानी शास्त्रज्ञांनी तयार केली, म्हणून पांढरी एलईडी शक्य झाली. 2014 चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यालाच मिळालं. जानेवारी 2015 मध्ये उजाला योजना आली आणि एलईडी बल्ब घरोघरी पोचले. बँकेची सवय म्हणून हिशेब मांडतो: साठ वॉटचा बल्ब रोज पाच तास जळला तर महिन्याला 9 युनिट, नऊ वॉटची एलईडी 1.35 युनिट, उजेड जवळपास तेवढाच. तेव्हा किचनमध्ये एक पॉइंट जास्त घेतला म्हणून बिल वाढेल, ही भीती आता सोडायला हरकत नाही.

पीओपी किंवा पीव्हीसीच्या छताचा मला स्वतःला सोस नाही, पण एक फायदा मान्य केला पाहिजे. छत आणि स्लॅबमधल्या पोकळीतून वायर हवी तिथे नेता येते. साण्याची जागा परत मिळते म्हणा ना! ओटा दोन फुटांचा, वरची कपाटं फूटभर. म्हणजे पॅनलची रांग भिंतीपासून दीड-दोन फुटांवर घ्यावी, खोलीच्या मधोमध नव्हे. कपाटाखाली एलईडी पट्टी लावली तर फारच छान. फोडणीजवळ वाफ आणि तेलाचा धूर असतो, तिथे बंद झाकणाचे दिवे घ्या. रंगाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. 6500 केल्विनच्या निळसर उजेडात वरण फिकट दिसतं, 2700 च्या पिवळ्यात हळद किती पडली कळत नाही. 4000 च्या आसपासचा घ्यावा. खोक्यावर सीआरआय नावाचा आकडा असतो, तो 80 च्या खाली नको, 90 मिळाला तर उत्तम.

आणखी एक. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या साधारण तिसरा हिस्साच उजेड पोचतो. आपल्या सोसायटीत ओट्यापाशी उभ्या असणाऱ्या बहुतेक जणी आता त्याच वयात आहेत. तेव्हा छताचं काम करणारा मोजमाप घ्यायला येईल तेव्हा त्याला दुपारी नको, संध्याकाळी सातला बोलवा, आणि जी स्वयंपाक करते तिला हातात सुरी देऊन ओट्यापाशी उभं करा. सावली कुठे पडते ते खडूने आखून घ्या, मगच छताला भोकं पाडू द्या.