अस्पी इंजिनियर

अस्पी मेरवान इंजिनियर (जन्म : १५ डिसेंबर १९१२, लाहोर, मृत्यू : १ मे २००२, मुंबई) हे भारतीय वैमानिक व भारतीय हवाई दलाचे दुसरे भारतीय प्रमुख होते. १९३० साली, वयाच्या अवघ्या सतराव्या वर्षी, त्यांनी इंग्लंड ते भारत हे अंतर विमानाने एकट्याने पार करून आगाखान पारितोषिक जिंकले.

बालपण

अस्पींचा जन्म पारशी कुटुंबात झाला. त्यांचे वडील रेल्वेत अभियंता होते. शिक्षण कराचीत झाले व तेथेच विमानविद्येची गोडी लागली. मार्च १९३० मध्ये आर. एन. चावला यांच्यासह त्यांनी भारतातून इंग्लंडपर्यंत उड्डाण केले. हा प्रवास विमानाने करणारे हे दोघे पहिले भारतीय मानले जातात.

आगाखान स्पर्धा

भारत व इंग्लंड यांदरम्यान कोणत्याही दिशेने एकट्याने उड्डाण करून एका महिन्याच्या आत पोहोचणाऱ्या पहिल्या भारतीयास आगाखान यांनी ५०० पौंडांचे पारितोषिक जाहीर केले होते. मनमोहन सिंग, जे. आर. डी. टाटा आणि अस्पी इंजिनियर हे तिघे स्पर्धेत उतरले. मनमोहन सिंग यांनी हा प्रवास पूर्ण केला, परंतु त्यांना मुदत पाळता आली नाही.

अस्पी २५ एप्रिल १९३० रोजी लंडनजवळच्या क्रॉयडन येथून निघाले, तर टाटा ३ मे रोजी कराचीहून उलट दिशेने निघाले. दोघांचीही विमाने 'जिप्सी मॉथ' जातीची होती. उघड्या बैठकीचे हे लहान विमान ताशी सुमारे १३५ किमी वेगाने जाई. रेडिओ नसल्याने वैमानिकाची सारी भिस्त नकाशा, होकायंत्र आणि खाली दिसणाऱ्या खुणा यांवर असे.

इजिप्तमधील अबुकीर येथे या दोन प्रतिस्पर्ध्यांची गाठ पडली. अस्पींच्या इंजिनाचे स्पार्क प्लग निकामी झाले होते व जवळ जादा प्लग नसल्याने ते तेथेच अडकून पडले होते. इंधनाला ठिणगी देणारे हे प्लग बिघडले की इंजिन नीट चालत नाही, आणि एकच इंजिन असलेल्या विमानाने वाळवंट ओलांडताना ते जिवावर बेतू शकते. टाटांनी स्वतःजवळचे जादा प्लग त्यांना दिले. त्याची परतफेड म्हणून अस्पींनी, पुढे समुद्र ओलांडावयाचा असलेल्या टाटांना आपले जीवरक्षक जाकीट दिले. ११ मे रोजी अस्पी कराचीत उतरले. टाटा लंडनला काही तासांनी पोहोचले आणि पारितोषिक अस्पींना मिळाले. या विजयामुळे अस्पींना हवाई दलाचा मार्ग सुकर झाला, याचे समाधान टाटा पुढे आवर्जून व्यक्त करीत.

हवाई दलातील कारकीर्द

इंग्लंडमधील क्रॅनवेल येथे प्रशिक्षण घेऊन १९३३ साली अस्पी हवाई दलात अधिकारी झाले. वायव्य सरहद्द प्रांतातील कामगिरीबद्दल त्यांना 'डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस' हे पदक मिळाले. त्यांचे तीन भाऊही हवाई दलात होते. त्यांपैकी मिनू इंजिनियर हे महावीर चक्राचे मानकरी ठरले.

अस्पींनी बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट कारखान्याचे व्यवस्थापकीय संचालक म्हणूनही काम पाहिले. नोव्हेंबर १९६० मध्ये एअर मार्शल सुब्रोतो मुखर्जी यांचे टोकियोत आकस्मिक निधन झाले. त्यानंतर १ डिसेंबर १९६० रोजी अस्पींनी हवाई दलाची सूत्रे हाती घेतली. डिसेंबर १९६१ मधील गोवा मुक्तिसंग्रामात पुण्याहून निघालेल्या कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बाँबफेक केली. १९६२ च्या चीन युद्धात मात्र सरकारने लढाऊ विमाने वापरली नाहीत. हवाई दलाचे काम मुख्यतः सैन्य व रसद पोहोचविण्यापुरते राहिले. त्यांच्याच कारकिर्दीत मिग-२१ विमाने दलात दाखल होऊ लागली.

निवृत्ती व निधन

३१ जुलै १९६४ रोजी अस्पी निवृत्त झाले. त्यांच्यानंतर अर्जन सिंग हवाई दलप्रमुख झाले. निवृत्तीनंतर अस्पींनी इराणमध्ये भारताचे राजदूत म्हणून काम केले. वयाच्या ८९ व्या वर्षी मुंबईत त्यांचे निधन झाले.