झाकीरभाई कोणाचे?

16 डिसेंबर 2024 ची सकाळ. बुलडाणा जिल्ह्यातल्या आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये शिरलो, तेव्हा एक सहकारी हळहळून म्हणाले, "सर, तुमचे झाकीर हुसेन गेले." त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. तरी तो 'तुमचे' दिवसभर टोचत राहिला. संध्याकाळी घरी बडे अब्बांनी विचारलं, "तबला बजानेवाले का इतना क्या ग़म, बेटा?" एकाला ते फक्त आमचे वाटले, दुसऱ्याला आमचेही वाटेनात. दोघांनाही मला 'शक्ती' या बँडचा इतिहास सांगायचा होता.

1971 मध्ये इंग्रज गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिनने न्यूयॉर्कमध्ये 'महाविष्णू ऑर्केस्ट्रा' काढला. रॉक आणि जॅझ एकत्र, विजेवरची गिटार, कानठळ्या बसवणारा आवाज. नाव झालं, पण 1973 च्या अखेरीस संच फुटला. नवे वादक घेऊन त्याने 1975 पर्यंत तो चालवला. मग ज्या आवाजाने यश दिलं, तोच सोडला. साधी गिटार घेऊन तो भारतीय वादकांबरोबर मांडी घालून बसला. तबल्यावर माहीमचे झाकीर हुसेन, व्हायोलिनवर एल. शंकर, घटमवर विक्कू विनायकराम. सुरुवातीला मृदंगमवर रामनाड राघवनही होते.

रॉकच्या श्रोत्यांना हे नवं होतंच. पण आपल्याकडेही उत्तरेचा तबला आणि दक्षिणेचा घटम एका बैठकीत क्वचितच दिसत. दोन्हीकडे ताल मोजायची पद्धत वेगळी. झाकीरभाई कर्नाटकी तालाचा हिशेब शिकले, तबला मात्र वडिलांच्या, उस्ताद अल्लारखाँच्या पंजाब घराण्याचाच ठेवला. मी एका तासाला उर्दू, दुसऱ्याला मराठी शिकवतो. एक भाषा घेताना दुसरी सोडावी लागत नाही, हे मुलांना रोज सांगावं लागतं.

सत्तरच्या दशकाअखेर 'शक्ती' थांबली. 1997 मध्ये पुन्हा जमली. पुढे मेंडोलिनवर यू. श्रीनिवास आले, विनायकराम यांच्या जागी त्यांचा मुलगा सेल्वागणेश आला आणि गायला शंकर महादेवन, म्हणजे श्रीनिवास खळ्यांचे शिष्य. 2014 मध्ये श्रीनिवास गेले. तरी 2023 मध्ये 'धिस मोमेंट' हा अल्बम आला आणि फेब्रुवारी 2024 मध्ये त्याला ग्रॅमी मिळालं. तेव्हा पहिल्या संचातले दोघेच उरले होते, मॅक्लॉफ्लिन आणि झाकीरभाई.

बडे अब्बांना मी झाकीरभाईंचं लहानपण सांगितलं. ते स्वतःच सांगायचे : पहाटे वडिलांसमोर रियाज, मग मदरशात कुरआनचा सबक, मग ख्रिस्ती शाळेत चर्चची प्रार्थना. कोणीच हरकत घेतली नाही. बडे अब्बा काही बोलले नाहीत. पण मी मोबाइलवर तबला लावला, तेव्हा उठूनही गेले नाहीत.

सहकाऱ्यांशी बोलायचं मात्र राहून गेलं. म्हणून हे इथे लिहिलं.