गरोदरपणातलं ‘रक्त कमी’ आणि मुंबईत लागलेला शोध

भोर-वेल्ह्याकडच्या गरोदर बायका तपासणीला आल्या की एक वाक्य हमखास ऐकू येतं, “डॉक्टर, रक्त कमी सांगितलंय.” हे ‘रक्त’ म्हणजे हिमोग्लोबिन, तांबड्या पेशींमधलं प्राणवायू वाहून नेणारं प्रथिन. ते वाढावं म्हणून आशाताई लोह आणि फॉलिक ॲसिडची गोळी देतात. त्यातल्या फॉलिक ॲसिडची कथा आपल्या मुंबईतली आहे.

गिरणगावातला आजार

1928 साली डॉ. लूसी विल्स इंग्लंडहून मुंबईत आल्या. परळच्या हाफकिन संस्थेत मातामृत्यूंची कारणं शोधण्याचं काम चाललं होतं. त्यासाठी डॉ. मार्गारेट बालफोर यांनी त्यांना बोलावलं होतं. गिरण्यांत राबणाऱ्या आणि इतर गरीब घरांतल्या गरोदर बायकांना एक तीव्र रक्तक्षय होत असे. त्यात तांबड्या पेशी संख्येनं कमी, पण आकारानं नेहमीपेक्षा मोठ्या दिसत. अनेकींचा त्यात जीव जाई.

विल्स यांनी या बायकांच्या जेवणाकडे लक्ष दिलं. यकृताचा साधा अर्क दिला की त्या सुधारत, पण शुद्ध केलेल्या अर्कानं गुण येत नसे. म्हणजे शुद्ध करताना काहीतरी निघून जात होतं. तेच ‘काहीतरी’ यीस्टच्या स्वस्त अर्कात, मार्माइटमध्ये सापडलं. माकडांवर आणि मग रुग्णांवर त्याचा गुण दिसला. 1931 साली त्यांचा निबंध ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. त्या अज्ञात घटकाला पुढे ‘विल्स फॅक्टर’ म्हणू लागले. 1941 साली पालकाच्या पानांतून असाच एक घटक वेगळा काढला गेला. पान म्हणजे लॅटिनमध्ये ‘फोलियम’, त्यावरून नाव पडलं फॉलिक ॲसिड.

बाळंतपणात रक्तात काय बदलतं?

गरोदरपणात रक्तातला पातळ भाग साधारण 40 ते 50 टक्के वाढतो. तांबड्या पेशीही वाढतात, पण तेवढ्या नाही. त्यामुळे हिमोग्लोबिन थोडं उतरतं. अल्ब्युमिन हे प्रथिनही उतरतं. मात्र रक्त गोठवणारं फायब्रिनोजेन वाढतं. बाळंतपणातल्या रक्तस्रावासाठी शरीरानं आधीच केलेली ही तयारी असते.

बाळाचं हिमोग्लोबिन वेगळ्या घडणीचं असतं. ते प्राणवायू जास्त घट्ट धरतं, म्हणून आईच्या रक्तातून तो ओढून घेऊ शकतं. जन्मानंतर साधारण सहा महिन्यांत त्याची जागा मोठ्यांचं हिमोग्लोबिन घेतं. जुन्या पेशी मोडतात तेव्हा पिवळा रंग तयार होतो. बऱ्याच बाळांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसणारी सौम्य कावीळ ती हीच. पण पहिल्याच दिवशी पिवळेपणा दिसला, तर बाळाला लगेच डॉक्टरांकडे न्यावं.

जन्मल्यावर एक ते तीन मिनिटं थांबून नाळ बांधली, तर वारेतलं आणखी रक्त बाळाला मिळतं. पुढच्या महिन्यांसाठी लोहाचा साठा होतो.

हे आपल्याकडे का महत्त्वाचं?

साध्या बाळंतपणातही 500 मिलीलिटरपर्यंत रक्त जाऊ शकतं. हिमोग्लोबिन 11 असेल तर बाई ते सोसते. 7 च्या खाली असेल, तर तेवढाच रक्तस्राव जिवावर बेततो. पावसाळ्यात वेल्ह्याच्या आतल्या वाडीवरून मोठ्या दवाखान्यात पोहोचायला वेळ लागतो. रक्ताची पिशवी तिथेच मिळते. वाटेतल्या त्या तासांत अंगातलं रक्तच कामी येतं. म्हणून तयारी आधीच्या महिन्यांत व्हायला हवी.

- चौथ्या महिन्यापासून लोह-फॉलिक ॲसिडची गोळी रोज एक घ्यावी. बाळंतपणानंतरही 180 दिवस चालू ठेवावी.
- गोळीच्या आधी-नंतर तासभर चहा नको. लिंबू किंवा आवळा चालतो.
- शौचाला काळं होतं, त्याला घाबरून गोळी थांबवू नये. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्यावी.
- हिमोग्लोबिन दर तपासणीला बघून घ्यावं. 7 च्या खाली असेल तर नुसत्या गोळ्यांवर न थांबता मोठ्या दवाखान्यात दाखवावं.
- मेथी, पालक, चवळी, हरभरा, मटकी रोजच्या जेवणात असावीत. भाजी फार वेळ शिजवली की फॉलिक ॲसिड कमी होतं.

पुढच्या वेळी आशाताई घरी आल्या की गोळ्यांचं पाकीट त्यांना दाखवा. किती उरल्यात ते सासूबाईंनी आणि नवऱ्यानंही मोजावं.