इंदूरचं खत आणि एक विसरलेलं नाव

आजच्या भागाची सुरुवात एका कबुलीने करतो. बरीच वर्षं मी अंगणातला पालापाचोळा जाळत होतो. झाडून ढीग केला की लावली काडी! आणि त्याच आठवड्यात बाजारातून खताची पिशवी विकत आणायची. हे सगळं मी इंदुरात करत होतो. याच गावाच्या नावाने खताची एक पद्धत जगभर ओळखली जाते, हे मला फार उशिरा कळलं.

अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ साली बिहारमधल्या पुसा इथे सरकारी नोकरीवर आले. शेती सुधारायला आलेल्या या माणसाने आसपासच्या शेतकऱ्यांची पिकं पाहिली. औषध फवारल्याशिवाय ती निरोगी होती. मग शेतकऱ्यांनाच आपण गुरू मानलं, असं त्यांनी पुढे लिहून ठेवलं. त्यांची पत्नी गॅब्रिएल याही शास्त्रज्ञ, कामात बरोबरीच्या.

१९२४ साली इंदूरला होळकर दरबाराच्या जमिनीवर नवी संशोधन संस्था उभी राहिली आणि हॉवर्ड तिथे आले. तिथला प्रश्न अगदी घरगुती होता. शेण गोवऱ्या होऊन चुलीत जायचं, मग शेताला काय घालायचं? उत्तर निघालं ते असं: शेण थोडं, काडीकचरा भरपूर. कपाशीच्या टणक काड्या रस्त्यावर पसरायच्या, बैलगाड्यांच्या चाकांखाली त्या चेचल्या जायच्या. मग पालापाचोळा, शेण, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर द्यायचे. ओल राखायची, ढीग वरखाली करायचा. साधारण तीन महिन्यांत खत तयार!

कुणी म्हणेल, यात नवं काय? उकिरडा तर आपल्याकडे होताच. खरं आहे. पण उकिरडा बऱ्याचदा नुसता सडतो. हवा, पाणी आणि कचऱ्याचं प्रमाण तपासून, दर वेळी जमेल अशी कृती इथे बसवली गेली. १९३१ साली तिच्यावर इंग्रजी पुस्तक निघालं. त्यावर लेखकांची नावं दोन आहेत: अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड. वाड संस्थेत रसायनशास्त्राचं काम पाहत. हॉवर्ड यांना पुढे 'सर' किताब मिळाला, सेंद्रिय शेतीचे प्रणेते म्हणून ते गाजले. वाडांचं नाव मात्र आपल्या घरांतही कुणाला ठाऊक नाही. ज्या शेतकऱ्यांना गुरू म्हटलं, त्यांची तर नावंही कुठे नाहीत.

आता माझ्या अंगणात भोकं पाडलेलं एक जुनं पिंप आहे. तळाशी वाळकी पानं, वर भाजीची देठं आणि सालं, मग पुन्हा पानं. मधेमधे मूठभर जुनं खत किंवा माती. ओल पिळलेल्या फडक्याइतकीच हवी. वास आला तर समजावं, पाणी जास्त झालं. वाळकी पानं घालून ढवळावं. गच्चीवर, बाल्कनीतही हे जमतं.

पुढच्या पानगळीत काडी ओढण्याआधी एवढं आठवा: ज्याला आपण आग लावतो, त्याचंच खत करायला इंदुरात काही माणसांनी वर्षं घालवली.