कॅसेटमधलं कॅलेंडर

अकिहाबाराच्या दुकानांत ‘जंक’ म्हणून टाकलेल्या गेम बॉयच्या कॅसेटी मिळतात. चालतील याची हमी नाही, परत घेणार नाहीत. तोक्योत नोकरीसाठी आलेल्या माझ्यासारख्याला एवढं निमित्त पुरतं. मी त्यांतून घड्याळवाल्या तेवढ्या उचलतो.

गेम बॉयला स्वतःचं घड्याळ नव्हतंच. ज्या गेमला दिवस-रात्र हवी, त्याने ते आपल्या कॅसेटमध्ये आणायचं. २१ नोव्हेंबर १९९९ला जपानमध्ये आलेल्या पोकेमॉन गोल्ड आणि सिल्व्हरने ते आणलं. बाहेर अंधार पडला की गेममध्येही रात्र. एका गुहेतला लाप्रास नावाचा पोकेमॉन तर फक्त शुक्रवारी भेटायचा. त्यासाठी सर्किट बोर्डवर ३२,७६८ हर्ट्झचा क्वार्ट्झ क्रिस्टल बसवला, मनगटी घड्याळात असतो तोच. हा आकडा पंधरा वेळा निम्मा केला की सेकंदाला बरोबर एक ठोका मिळतो.

घोळ सेलचा. खेळाची साठवण आणि घड्याळ, दोन्ही एकाच सीआर२०२५ बटनसेलवर. १९९६च्या पोकेमॉन रेड आणि ग्रीनमध्ये सेलला फक्त साठवण सांभाळायची होती. इथे घड्याळही चोवीस तास त्याच्यावर पोसलेलं. त्यामुळे १९९९ची कॅसेट १९९६च्या कॅसेटीआधी मेली, आणि मरताना पोराने शुक्रवारची वाट बघून पकडलेला लाप्रासही घेऊन गेली. माझ्या मते ही काटकसर नव्हे, कद्रूपणा.

म्हणून बिघाड शोधताना आधी साठवण बघायची. वेळ लावून, सेव्ह करून कॅसेट बंद ठेवायची. दोन्ही उडालं तर सेल गेला. मल्टिमीटरवर तो तीन व्होल्टच्या बराच खाली दिसतो. साठवण शाबूत पण घड्याळ जागच्या जागी, तर संशय क्रिस्टलवर. त्या बारक्या धातूच्या नळीत क्वार्ट्झचा नाजूक चिमटा असतो. कॅसेट आपटली की तो तरी तुटतो, नाहीतर पायाचा टाका सुटतो. सेल काढायच्या आधी साठवणीची प्रत काढून ठेवायची. नवा सेल टॅब लावलेलाच आणायचा, थेट सेलवर सोल्डरिंग आयर्न टेकवायचं नाही. चिकटपट्टीने सेल दाबून बसवणारे महाभाग भेटतात. त्यांच्या कॅसेटी पुन्हा जंकमध्येच येतात.

२१ नोव्हेंबर २००२ला पोकेमॉन रूबी आणि सफायर आले तेव्हा शहाणपण सुचलेलं होतं. साठवण फ्लॅश मेमरीत गेली, सेल फक्त घड्याळाला उरला. तो संपला तर गेम सुरू होतानाच सांगतो: खेळा, पण वेळेवर घडणाऱ्या गोष्टी आता घडणार नाहीत.

आणि तरीही या कॅसेटींतली घड्याळं ‘बंद पडली’. सेल भरलेला, क्रिस्टल धडधाकट, पण गेममध्ये लावलेली बेरीची झाडं वाढेनात. चूक प्रोग्राममध्ये होती. घड्याळ १ जानेवारी २०००पासून सुरू होतं. एकूण दिवस काढताना मागची वर्षं मिळवत जायचं, आणि त्या बेरजेतून २००० हे शून्य क्रमांकाचं वर्षच सुटलं. ते लीप वर्ष. ३१ डिसेंबर २०००ला दिवस ३६६, दुसऱ्या दिवशी थेट १. गेमच्या हिशेबी काळ मागे गेला, आणि झाडं सुमारे वर्षभर गप्प उभी राहिली. सोल्डरिंगने हे बरं होण्यासारखं नव्हतं. फायररेड, लीफग्रीन किंवा एमराल्ड या पोकेमॉन गेमच्या कॅसेटला केबलने जोडून दुरुस्ती उतरवून घ्यावी लागे.

आज रूबीत नवा सेल घातला की घड्याळ पुन्हा २०००वर येतं. साठवणीतला शेवटचा दिवस त्याच्या कितीतरी पुढचा, म्हणून झाडं हलत नाहीत आणि माणूस आपल्या टाक्याला दोष देतो. हौशी मंडळींनी तारीख पुढे सरकवणारे छोटे प्रोग्राम लिहिलेत, ते चालवायचे. नवा खेळ सुरू केला तर लगेच सगळं सुरळीत दिसतं. पण दुरुस्ती उतरवलेली नसेल, तर ३६६ दिवसांनी ती बेरीज पुन्हा चुकते.