डॉट इनची नोंदवही जुहूला होती तेव्हा

माझं गाव मोरा, उरणचं बंदर. ओहोटीला गाळामुळे भाऊच्या धक्क्याची लाँच थांबते, मग आम्ही मोबाईल काढून बसतो. तेव्हा नेटवर्क फोनला गुपचूप तीन गोष्टी पुरवत असतं: त्याचा आकडी पत्ता, बरोबर वेळ आणि तुम्ही टाइप केलेल्या नावामागचा पत्ता. ही तिसरी सेवा म्हणजे डीएनएस, माझ्या संशोधनाचा विषय. आज तिचा थोडा इतिहास.

आधी ही सेवा नव्हतीच, होती एक फाइल. अर्पानेटवरच्या सगळ्या संगणकांची नावं आणि पत्ते कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांचा गट सांभाळायचा. नवा संगणक जोडला की तिथे कळवायचं, आणि बाकीच्यांनी ताजी फाइल उतरवून घ्यायची. संगणक वाढले तसं हे झेपेना. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी उपाय मांडला: नावांचं एक झाड करा, आणि प्रत्येक फांदीची वही ज्याची त्यानं ठेवा.

भारताची फांदी, डॉट इन, ८ मे १९८९ रोजी नोंदली गेली. तिची वही आली मुंबईत जुहूला, श्रीनिवासन रमणी संचालक असलेल्या एनसीएसटीकडे. तिथून अमेरिकेला जाणारी लाइन सेकंदाला ९६०० बिटची. आजचा एक एमबीचा फोटो पाठवायला तिला चौदा मिनिटं लागली असती!

पण नाव मिळवणं त्याहून अवघड होतं. नियम इतके कडक, की १९९२ ते २००४ मध्ये जेमतेम सात हजार नावं नोंदली गेली. २००५ मध्ये वही 'निक्सी'कडे गेली, नियम सैल झाले आणि कुणालाही नाव घेता येऊ लागलं. डीएनएस तेच होतं, बदलला तो वहीचा नियम.

२७ ऑगस्ट २०१४ रोजी 'डॉट भारत' आलं, देवनागरीत, मराठीसाठीसुद्धा. आतमध्ये मात्र या नावाचं आधी रोमन अक्षरं-आकड्यांत रूपांतर होतं, कारण जुनी यंत्रणा तेवढंच ओळखते.

माझ्या आजीला रोमन अक्षरं वाचता येत नाहीत. मजकूर मराठी आणि पत्ता रोमन, अशा साइटवर ती आजही दुसऱ्याच्या हातानेच पोहोचते. म्हणून वही कोणाच्या हातात आणि कोणत्या लिपीत, हे मला महत्त्वाचं वाटतं.

पुढच्या वेळी: फोनला पत्ता देतं कोण?